पिकअपचा क्लच: गरम झाल्यावर रिव्हर्स पडत नाही आणि घाटात घसरतोय (कामाच्या नोंदी)

४ मे

गाडी दीड टनी डिझेल पिकअप, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच (पेडलचा जोर ऑइलच्या दाबाने क्लचपर्यंत पोचतो), मीटरवर १ लाख ६८ हजार. आमच्या नर्सरीची गाडी आहे, कुंड्या, शेणखत, पोयटा असला वजनाचा माल आणि फुरसुंगीहून सासवड किंवा उरुळी कांचन बाजूला सततचं जाणं-येणं.

तक्रारी दोन. पहिली, गाडी गरम झाली की रिव्हर्स टाकताना खर्रर्र आवाज, पहिला गिअरपण अडतो, सिग्नलला न्यूट्रल केली की परत गिअर पडता पडत नाही आणि मागचे हॉर्न मारायला लागतात. दुसरी, माल भरून दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी आहे त्याच स्पीडला, आणि वर पोचेपर्यंत केबिनमध्ये जळका वास.

ज्याला विचारावं तो एकच सांगतो, क्लच प्लेट गेली, किट टाका. एका गॅरेजने कामासकट १६ हजार सांगितले. मामांना फोन केला (दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, सगळी नोकरी गिअरबॉक्सच्या कामात). ते म्हणाले, "थांब जरा. गिअर खरखरतोय म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. घाटात घसरतोय म्हणजे पूर्ण धरत नाही. दोन उलट्या तक्रारी आहेत, एकाच पार्टवर ढकलू नको. रविवार आहे, येतो मी."

५ मे

मामा राहिले कालपासून. सकाळी गाडी थंड असताना आणि नंतर हडपसरला चक्कर मारून गरम झाल्यावर, दोन्ही वेळा तपासलं. काहीही न खोलता एवढं कळतं:

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघितले, लोण्यासारखे पडले. म्हणजे गिअरबॉक्स, लिव्हर, लिंकेज ठीक. आता इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच पूर्ण दाबून मनात दहा आकडे मोजले आणि मग रिव्हर्स टाकला. क्लच सुटत असेल तर एवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून फिरणारा दांडा) फिरायचा थांबायला पाहिजे आणि आवाज यायला नको. आमचा गरम असताना खरखरलाच. मग पेडल दोन-तीन वेळा भराभर पंप करून लगेच टाकला तर गुपचूप पडला. हे महत्त्वाचं आहे, कारण पंप केल्यावर फरक पडतोय याचा अर्थ पेडल ते रिलीज बेअरिंग (क्लच दाबून सोडवणारं बेअरिंग) यामधल्या हायड्रॉलिकमध्ये काहीतरी कमी पडतंय. प्लेट वाकडी असती तर पंप करून काही झालं नसतं.

घसरण्यासाठी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून, थोडी रेस देऊन हळूहळू क्लच सोडला. इंजिन बसायला पाहिजे, म्हणजे बंदच पडायला पाहिजे. आमचं दोन-तीन सेकंद चालत राहिलं मग बसलं. ही टेस्ट एकदाच करायची, परत परत केली तर आहे ती प्लेटपण जाळून ठेवाल. पुढे माणूस उभा करू नका.

आवाजाचं पण मामांनी दाखवलं. क्लच दाबल्यावर घुर्र आवाज आला तर रिलीज बेअरिंग, सोडल्यावर न्यूट्रलमध्ये आवाज येत असेल आणि दाबल्यावर जात असेल तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. आमच्याकडे दाबल्यावर बारीक आवाज आहे.

बॉनेट उघडून ऑइलचा डबा बघितला (आमच्याकडे क्लचला वेगळा डबा आहे, काही गाड्यांना ब्रेकचाच असतो). लेव्हल कमी आणि ऑइल काळं. खाली जाऊन स्लेव्ह सिलिंडरच्या (गिअरबॉक्सजवळचा, पेडलकडून आलेल्या ऑइलने याचा पिस्टन आणि रॉड सरकून क्लच सुटतो) रबरी बुटाची कड स्क्रूड्रायव्हरने उचलली तर आतून ऑइल गळालं. तिथे कोरडं पाहिजे.

८ मे

स्लेव्ह सिलिंडर काढला. दोन बोल्ट आणि होजचा नट एवढंच काम, पण नट पाइपच्या नटाचा खास पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरतो तो) लावूनच सोडा, साध्या फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. आतून बोअरला गंजाचे खड्डे पडलेले. अशा बोअरमध्ये नुसता रबर किट टाकून उपयोग नाही, नवीन रबर त्याच खड्ड्यांवर घासून थोड्या दिवसांत जातं. पूर्ण सिलिंडर घ्यायचा ठरवला.

नाना पेठेत गेलो. काउंटरवर दोन सिलिंडर पुढे आले, दिसायला जुळे, बोल्टची भोकं सारखी, नटाची चूडी सारखी, एकावर बोअर १९.०५ मिमी आणि दुसऱ्यावर २०.६४. जुन्यावर १९.०५ होतं. मोठा बसवला असता तर पेडल हलकं लागलं असतं पण तेवढ्याच ऑइलमध्ये पिस्टन १५ टक्के कमी सरकला असता, आणि आमची मूळ तक्रारच कमी सरकण्याची. त्यामुळे जुना पार्ट घेऊन जा आणि बॉडीवरचा आकडा जुळवूनच पैसे द्या. ११५० रुपये.

डॉट ४ (ब्रेक-क्लचचं) ऑइल भरून त्यात अडकलेली एअर काढली. भाऊ पेडलवर, मी खाली. पेडल सावकाश दाबायचं, धपाधप नाही, नाहीतर एअरचे बारीक बुडबुडे होऊन ऑइलमध्ये मिसळतात. तरी पेडल मऊच. मग मामांच्या सांगण्यावरून स्लेव्हचे बोल्ट सोडून तो हातात तिरका धरला, म्हणजे एअर काढायचं निप्पल सगळ्यात वर येईल असा, पिस्टन बाहेर उडू नये म्हणून अंगठ्याने आत दाबून ठेवला, तेव्हा राहिलेली एअर निघाली. हे ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग सोलतो, पाणी ओतून लगेच धुवा.

११ मे

थंड गाडीत रिव्हर्स आता छान पडतोय. गरम झाल्यावर पूर्वीपेक्षा बरा, पण दिवसाच्या शेवटी एखाद्या वेळी खर्र होतोच. घाटात घसरणं अर्थातच जसंच्या तसं, सिलिंडरचा त्याच्याशी संबंध नाही.

म्हणजे गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. मामांचा अंदाज, प्लेट जळली असेल आणि थोडी वाकली पण असेल, उरलेला खर्र त्यानेच. पटण्यासारखं होतं. तो अर्धाच खरा निघाला ते पुढे येईलच.

किट आणलं, प्लेट आणि प्रेशर प्लेट (प्लेटला इंजिनच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे फिरणाऱ्या जड चकतीवर, दाबून धरते ती) ७२००, रिलीज बेअरिंग वेगळं ९५०. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकमध्ये धरणारं), इनपुट शाफ्टचं सील आणि इंजिनचं मागचं क्रँक सीलपण घेऊन ठेवलं. हे तीन पार्ट मिळून साडेसहाशेच्या आत येतात आणि नंतर एखादं गळायला लागलं तर सगळा बॉक्स परत उतरवायचा.

१७ मे

बॉक्स उतरवला. आमच्याकडे रॅम्प नाही की खड्डा नाही, नर्सरीच्या मागच्या काँक्रीटवर काम केलं. मातीवर करू नका, स्टँड रुततात. गाडीखाली जायच्या आधी चेसिसला चार स्टँड, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही.

क्रम असा: केबिनमधून गिअर लिव्हर, मग खालून गिअर ऑइल ड्रेन, प्रोपेलर शाफ्ट (काढायच्या आधी दोन्ही फ्लँजवर रंगाची एकच रेघ मारा, परत त्याच जागी बसला नाही तर गाडी थरथरते), मीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, स्टार्टर, स्लेव्ह. स्लेव्हचा होज सोडायची गरज नाही, सिलिंडर तसाच बाजूला तारेने बांधला. होजवर लटकत ठेवू नका.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बेल हाउसिंगच्या (बॉक्सचा क्लच झाकणारा पुढचा भाग) वरच्या दोन बोल्टनी. वरून हात जात नाही, खालून दिसत नाहीत. अर्धा दिवस त्यातच गेला. शेवटी क्रॉस मेंबर (बॉक्सला खालून आधार देणारा आडवा तुकडा) काढून बॉक्सची शेपटी जॅकवर थोडी खाली घेतली, त्यामुळे इंजिन मागे कललं आणि वर जागा झाली, मग मागून लांब एक्स्टेन्शन जोडून बोल्ट निघाले. इंजिन कलवताना एका माणसाने पुढे उभं राहून फॅन रेडिएटरच्या कव्हरला लागत नाही ना आणि कुठला पाइप ताणला जात नाही ना ते बघायचं.

बॉक्स काढताना सरळ मागे यायला पाहिजे. ट्रॉली जॅकवर (दोन दिवसाचं भाडं ६०० दिलं) फळी बांधली होती तरी तो एका बाजूला कलत होता, तिघं लागलो. प्लेटच्या हबवर बॉक्सचं वजन क्षणभरही टाकायचं नाही. काढताना जुनी प्लेट वाकली तर काही जात नाही, पण बसवताना नवीन वाकेल.

१८ मे

आत काय सापडलं.

प्लेट फ्लायव्हीलच्या बाजूने रिव्हेटपर्यंत झिजलेली, मॅन्युअलप्रमाणे रिव्हेटच्या वर निदान ०.३ मिमी मटेरियल पाहिजे, इथे रिव्हेट घासून चकाकत होते. दुसऱ्या बाजूने बरीच शिल्लक, पण तिच्यावर तेलकट थर. बोटाला घेऊन वास बघितला, गंधकासारखा उग्र, म्हणजे गिअर ऑइल. इंजिन ऑइल असतं तर काळं आणि जळक्या वासाचं असतं. इनपुट शाफ्टचं सील गळतंय, क्रँक सील कोरडं आहे. झीज आणि तेल, घसरण्याला एवढं पुष्कळ.

फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा. प्रेशर प्लेटची बोटं (रिलीज बेअरिंग दाबतं त्या पट्ट्या) टोकाला झिजून खाचा पडलेल्या. मामांनी बघितल्या बघितल्या विचारलं, "ही गाडी पायी चालणाऱ्यांच्या मागे चालवली काय?"

चालवली. आषाढी वारीची पालखी पुण्यातून सासवडला जाते तेव्हा आमची गाडी दिंडीचं सामान घेऊन असते, आणि सासवडच्या पुढेही काही दिवस. या गाडीचा पहिला गिअर, रेस न देता, क्लच पूर्ण सोडून, ताशी सहाच्या आसपास चालतो. वारकरी चालतात चार-साडेचारने, चढाला त्याहून कमी. म्हणजे दिंडीला चिकटून चालायचं तर ड्रायव्हर तासन् तास अर्ध्या क्लचवर आणि पुणे-सासवड हा टप्पा तर सगळ्यात लांबच्यांपैकी, त्यात घाट. घाटात त्या दिवशी जेवढी प्लेट झिजली असेल तेवढी एरवी महिनोन् महिने झिजत नाही. यंदा ड्रायव्हरला सांगून ठेवलंय की दिंडी शे-दोनशे मीटर पुढे जाऊ द्यायची, गाडी न्यूट्रलला हँडब्रेकवर उभी, पाय पेडलवरून खाली, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून दिंडीपर्यंत जायचं आणि परत थांबायचं. गर्दीत प्रत्येक वेळी जमणार नाही, पण जिथे जमेल तिथे हेच.

२० मे

फ्लायव्हील हडपसरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर फेसिंगला (वरचा थर काढून सपाट करायला) दिलं. ०.४ मिमी काढल्यावर निळे डाग आणि चिरा गेल्या. चिरा खोल असत्या तर फ्लायव्हीलच बदलावं लागलं असतं. आमच्या फ्लायव्हीलला पायरी आहे, म्हणजे प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेट बसते तो भाग वेगळ्या उंचीवर. एका भागाचे ०.४ काढले तर दुसऱ्याचेही ०.४ काढायचे, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. लेथवाल्याला हे आधी बोलून ठेवा, त्याने विचारलं नाही तरी. ९०० रुपये.

क्रँकमधलं पायलट बेअरिंग निघेना. पुलर नव्हता. भोकात ग्रीस ठासून बरोबर मापाचा रॉड घालून हातोडा मारला की ग्रीसच्या दाबाने बेअरिंग बाहेर येतं म्हणतात, आमच्याकडे ग्रीस रॉडच्या कडेने तोंडावर उडालं आणि बेअरिंग तिथेच. मग वर्तमानपत्राचे तुकडे पाण्यात भिजवून लगदा ठासला, रॉड मारला, अजून लगदा, परत रॉड, असं करत करत निघालं. डोळ्याला चष्मा लावा.

इनपुट सील बदलायला बॉक्सचं पुढचं कव्हर काढलं. याच कव्हरच्या नळीवर रिलीज बेअरिंग सरकतं, तिच्यावर खाच नाही ना बघून घ्या. आमची गुळगुळीत होती. क्रँक सील कोरडं होतं तरी बदललं.

२४ मे

जोडणी. नवीन फेस केलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट पेट्रोलने पुसून कोरडी केली, त्यावर लेथचं आणि पॅकिंगचं तेल असतं. प्लेटवर फ्लायव्हील साइड लिहिलेलं असतं, हबच्या स्प्रिंगचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. बसवल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवला, पुढे तो कामाला आला.

इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (शाफ्टवरचे लांब दाते) ग्रीस अगदी बोटाने पुसल्याइतकं. जास्त लावलं तर फिरताना उडून प्लेटवर जातं. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुवायचं नाही, त्याचं आतलं ग्रीस निघून जातं. प्लेट मधोमध धरायला किटमधली प्लॅस्टिकची दांडी वापरली. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे करत, शेवटी टॉर्क पान्याने २४ न्यूटन मीटर.

बॉक्स चढवताना शेवटचा बोटभर अंतर बसत नव्हता. बोल्टने ओढून घ्यायचा मोह होतो, ओढायचा नाही, हाउसिंगचा कान तुटतो. टॉप गिअर टाकून मागून आउटपुट फ्लँज हाताने थोडी फिरवली, स्प्लाइन जुळली आणि बॉक्स आपोआप आत गेला. गिअर ऑइल ८० डब्ल्यू ९० भरलं, एअर परत काढली. रात्र झाली.

२५ मे

सकाळी थंड गाडी एकदम मस्त. हँडब्रेकवर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताच इंजिन बसलं. दिवे घाट रिकाम्या गाडीने चढलो, घसरणं संपलं. वरून परत आलो, नर्सरीत गाडी मागे घ्यायला रिव्हर्स टाकला, आणि खर्रर्र.

एवढं सगळं केल्यावर तो आवाज ऐकून तिघंही गप्प. भाऊ म्हणाला प्लेट उलटी बसली असेल. फोटो बघितला, बरोबर होती. शेजारचे म्हणाले किट डुप्लिकेट असेल, बॉक्स परत उतरवा. मामांनी हात लावू दिला नाही. "आता अंदाज बास. रॉड किती सरकतो ते मोजू."

स्लेव्हच्या रॉडजवळ पट्टी धरून भावाला पेडल पूर्ण दाबायला सांगितलं. गाडी गरम होती, ९ मिमी. दुपारी दोन-अडीच तास उभी ठेवून परत मोजलं, १२. क्लचच्या पार्टला थंड-गरमचा एवढा फरक पडत नाही. ऑइल कुठेतरी हरवतंय आणि गरम असताना जास्त हरवतंय, पण डब्यातली लेव्हल तर एक थेंब कमी नाही.

३१ मे

आधी मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलने दाबला जाणारा वरचा. स्टीलचा पाइप जिथे संपून रबरी होज सुरू होतो तिथेच होज कापड गुंडाळून पकडीने चिमटला आणि पेडल दाबलं. वरच दगडासारखं कडक. म्हणजे मास्टर ठीक, पेडलचं ब्रॅकेट ठीक, वरच्या भागात एअर नाही. मग पकड काढली, स्लेव्ह सोडून त्याचा पिस्टन क्लँपने पूर्ण आत धरून ठेवला, आता पिस्टन हलूच शकत नाही. पेडल दाबलं तर तरीही जवळजवळ अर्धं खाली गेलं. ऑइल बाहेर येत नाही, पिस्टन हलत नाही, मग जातंय कुठे? राहिला तो मधला हातभर होज. मी होज मुठीत धरला आणि भावाने पेडल दाबलं. मुठीत फुगत होता, स्पष्ट लागत होतं.

बाहेरून होज धडधाकट होता, एक चीर नाही, ओल नाही, त्यामुळे स्लेव्ह बदलताना कुणाचं लक्ष तिकडे गेलं नाही. तो सायलेन्सरच्या पाइपजवळून जातो, मध्ये एक पत्रा असतो, तो आमच्या गाडीला नव्हताच, मागे सायलेन्सरचं काम झालं तेव्हा निघालेला परत लागला नाही. उष्णतेने रबर आतून सैल होत गेलं, गरम असताना अजून मऊ पडतं. गाडी गरम झाल्यावरच रिव्हर्स का खरखरतो हे तिथे उलगडलं.

नवीन होज ३८० रुपये. जुन्या ड्रमचा पत्रा कापून वाकवून आड लावला. एअर काढली, मोजलं: थंड १५ मिमी. भर दुपारी लोणी काळभोरच्या ट्रॅफिकमधून येऊन लगेच मोजलं, १५.

७ जून

आठवडाभर गाडी मुद्दाम हलक्या मालावर चालवली, नवीन प्लेट आणि फेस केलेलं फ्लायव्हील एकमेकांना बसायला वेळ लागतो, चढावर अर्धा क्लच टाळला. काल पहिल्यांदा पोयटा पूर्ण भरून घाट चढली. घसरणं नाही, वास नाही, वर पोचून लगेच रिव्हर्स टाकला, आवाज नाही. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात बोट घालून बघितलं, कोरडं.

खर्च: स्लेव्ह ११५०, डॉट ४ च्या बाटल्या ४२०, किट ७२००, रिलीज बेअरिंग ९५०, पायलट बेअरिंग १४०, इनपुट सील १२०, क्रँक सील ३८०, फेसिंग ९००, गिअर ऑइल ८००, होज ३८०, जॅकचं भाडं ६००. एकूण १३ हजार ४०. याशिवाय गाडी उभी होती तेव्हा मालासाठी भाड्याचा टेम्पो घेतला त्याचे सहा हजार गेले, म्हणजे गॅरेजच्या १६ हजारांपेक्षा स्वस्त पडलं असं म्हणता येणार नाही. पण त्या १६ हजारांत होज नव्हता, फेसिंग नव्हतं, सील नव्हती.

गरम झाल्यावरच गिअर अडत असेल अशी गाडी कुणाकडे असेल तर बॉक्सला हात लावायच्या आधी रॉड थंड आणि गरम दोन्ही वेळा मोजा आणि होज मुठीत धरून बघा. पट्टी आणि पेडलवर एक माणूस, एवढंच लागतं. आमच्या गाडीला बॉक्स तसाही उतरवावा लागला असता, सगळ्यांच्या गाडीला लागेलच असं नाही.

बाकी राहिलेलं: प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग हाताने हलवल्यावर थोडं हलतं, ते पालखीच्या आधी बदलायचं. रॉड महिन्याने परत मोजून इथेच आकडा टाकतो.